तिवईवर वाळत घातलेले मोजे

रोशेल घर सोडून निघाली त्या सकाळी इकडे कॅनडात, एडमंटनला बर्फ पडत होता आणि मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते. खरं तर गरज नव्हती, टॅक्सी रस्त्यावरच उभी होती. पण हातांना काहीतरी काम हवं होतं. चीनच्या डोंगरात च्यांग लोकांची जुनी दगडी गावं आहेत. त्यातल्या एका गावात राहून माझी एकुलती एक मुलगी भिंत रचायला शिकणार होती. आर्किटेक्चरची डिग्री घेऊन गवंडीकाम! "ममा, इट्स जस्ट वन इयर," ती म्हणाली. वसईहून निघताना मीही आईला "दोनच वर्षं" म्हणाले होते. तुम्ही सगळी भावंडं अंगणात उभी होतात, आठवत असेल. ती दोन वर्षं अजून संपायची आहेत.

ती गेली आणि माझी झोप उडाली. तो भाग भूकंपाचा, पावसात दरडी कोसळतात, असं मी फोनवर वाचत बसायचे. व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे एक उंच दगडी बुरूज दिसायचा. ती काय खाल्लं ते सांगायची आणि माझं लक्ष बुरूज कलला तर नाही ना, याकडे. आमचे हे म्हणायचे, "अगं, शेकडो वर्षं उभा आहे तो." मग तर पडायची वेळ जवळच आली, नाही का?

पुढच्या वसंतात आमच्या चर्चमधल्या बायकांची चायना टूर निघाली, तिच्यात मी नाव घातलं. बायकांना चीनची ती प्रसिद्ध भिंत बघायची होती, मला मुलगी. टूरमध्ये त्या डोंगरांजवळच्या शहरात एक दिवस मोकळा होता. त्या दिवशी गावात जायचं आणि तिला बॅगेसकट खाली आणायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. यांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

रोशेल भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर घेऊन हॉटेलवर आली. बोगद्यांमागून बोगदे गेले, नदी खाली खाली जात राहिली, आणि मग घाटाचा असा रस्ता लागला की मी जीव मुठीत धरून बसले. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला नुकतेच ढासळलेले दगड. आयुष्यभर विंटर टायर्सवर गाडी हाकलेली बाई मी, पण तिथं डोळे मिटून जपमाळ ओढत होते. शेवटची चढण पायी. ओढा ओलांडताना पाय घसरला आणि मोजे ओलेचिंब झाले.

ज्या आजींकडे रोशेल राहते त्यांचं घर खाली अंधारं आणि वर उबदार. मधोमध चूल, तिच्यावर तीन पायांची लोखंडी तिवई. मला थंडीनं हुडहुडी भरली होती. आजी आणि त्यांचा मुलगा चहाचं बघत होते, रोशेल माझी बॅग ठेवायला गेली होती. एडमंटनला आम्ही जमिनीतल्या गरम हवेच्या व्हेंटवर मोजे वाळत घालतो, तशा सहजपणे मी मोजे पिळले आणि तिवईवर पसरले.

मुलाच्या हातातली किटली तशीच राहिली. रोशेल परत आली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ममा! दॅट्स देअर गॉड!"

त्या तिवईत त्यांचा अग्निदेव राहतो, घरचे पूर्वज राहतात. मला कुणी सांगायला हवं होतं का? आपल्या आईच्या चुलीला चुकून पाय लागला तर ती लगेच क्रूसाची खूण करायला लावायची. "चुलीला लाथ म्हणजे घराला लाथ," म्हणायची. मी ते पार विसरून गेले होते.

आता हे लोक हिला हाकलून देणार, असंच मला वाटलं. आणि गंमत बघा, मी तिला न्यायलाच तर आले होते! त्यांनी हाकललं असतं तर माझं काम आपोआप झालं असतं. पण मी मनात घोकत होते, हिला काढू नका, चूक माझी आहे.

आजींनी मोजे उचलून भिंतीशी लाकडांवर ठेवले. विस्तवावर थोडी दारू शिंपडली, काहीतरी पुटपुटल्या. मग वळल्या आणि रोशेलवर जे बरसल्या! माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रोशेल मान खाली घालून त्यांच्या बोलीत उत्तरं देत होती. मराठीत विचारलं तरी मला इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी.

"काय म्हणाल्या?" मी हळूच विचारलं.

ती चक्क मराठीत म्हणाली, "पाहुण्यांची चूक नसते म्हणाल्या. घरातल्या मुलीनं आधी सांगायचं असतं."

संध्याकाळी मी एकटीच खाली उतरले. "चल" हा शब्द काही तोंडातून फुटला नाही.

तुम्ही फोनवर विचारता, आता तुझं घर कुठलं, इकडचं की तिकडचं? मला एवढंच कळलंय की पाहुण्याच्या चुकीची बोलणी जिथं आपल्याला बसतात, ते आपलं घर. एडमंटनला माझं काही चुकलं की लोक हसून "नो वरीज" म्हणतात. वसईला आले की तुम्ही मला खुर्ची देता आणि फिल्टरचं पाणी विचारता.

रोशेलला तसं घर वर्षाच्या आत मिळालं. बुरूज पडेल ही भीती आता गेली. आता भीती वाटते ती तिच्या त्या 'वन इयर'ची.