अक्कांकडं भरलंय

अंबाबाईच्या देवळामागच्या आमच्या गल्लीत कोपऱ्याचं घर आमचं आणि पुढं चौथं अक्कांचं. दोन्ही घरांत यात्रेकरूंना राहायला खोल्या मिळायच्या. नवरा शिरोलीला ज्या फौंड्रीत होता ती नव्वदच्या दशकात बंद पडली, तेव्हापासून वरच्या चार खोल्यांवरच आमचं घर चालायचं. त्या रिकाम्या राहिल्या की मी वाण्याची उधारी मोजत बसायची. मी रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली, चादरी रोज बदलल्या, भिंतींना दरवर्षी चुना दिला. अक्कांच्या दारावर साधी पाटीसुद्धा नव्हती. तरी एसटीतून उतरलेली माणसं आमच्या कट्ट्यापाशी थांबून मलाच विचारायची, "बंबाच्या पाण्याच्या अक्का कुठं राहतात?"

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अक्कांकडं तांब्याचा बंब होता. देवळाबाहेरच्या दुकानांतून ती नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या पोत्यात भरून आणायची आणि पहाटेच बंब पेटवायची. देवीच्या दर्शनाला निघण्याआधी पाहुण्यांना कढत पाण्याची अंघोळ. मी ईर्ष्येनं गीझर बसवला. पाटीवर 'गरम पाण्याची सोय' असं लाल अक्षरांत लिहून घेतलं. तर पाहुणे म्हणायचे, बंबाच्या पाण्याची मजा वेगळी. कसली मजा? पाणी ते पाणी.

त्यात ती माहेरची कागलकडची, लिंगायत. घरात मराठी, कन्नड दोन्ही भाषा. हुबळी-धारवाडची माणसं आली की "बन्नी, बन्नी", म्हणजे या, या, करत कन्नडात असं काही बोलायची की ती माणसं माहेरी आल्यासारखी घरात शिरायची. आपणही कन्नड शिकावं असं मला कधी वाटलं नाही. हिची जीभ झडावी, एवढं मात्र वाटायचं. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची आणि मनात शिव्या द्यायची.

पहिल्यांदा मी खोटं बोलले नव्हते. नवरात्रात तिच्याकडं खरंच जागा नव्हती, तसं तिनंच मला सांगून ठेवलं होतं. कुणीतरी तिचा पत्ता विचारला आणि मी म्हटलं, "अक्कांकडं भरलंय की, पावणं. हितंच ऱ्हावा." ती माणसं राहिली. नवरात्र संपलं, पण ते वाक्य माझ्या तोंडात तसंच राहिलं. तिच्याकडं जागा असो नसो, कुणी तिचा पत्ता विचारो की नुसती खोली, कट्ट्यावर मेथी निवडत मी तेच सांगायची. बहुतेक जण इतक्या पटकन "बरं" म्हणायचे की मला माझ्या बोलण्याचा अभिमान वाटू लागला. एखादा चिवट पाहुणा "बघून तरी येतो" म्हणून पुढं जायचा. त्या दिवशी मी कट्ट्यावर फिरकायची नाही.

अशी बरीच वर्षं गेली. अक्का दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायची, गोड बोलायची. मला वाटायचं, हिला जगाची काही खबरच नाही.

मग भारनियमनाची वर्षं आली. माझा गीझर भिंतीवर नुसता शोभेला उरला. एका आषाढात पाऊस असा लागला की आठवडाभर आमच्याकडं एकही पाहुणा नव्हता. एका सकाळी दारात आवाज आला म्हणून बाहेर आले, तर लातूरकडचं एक जोडपं आणि सोबत म्हातारी आई, तिघंही चिंब भिजलेली.

"जागा आहे का?" त्या माणसानं विचारलं.

"अक्कांकडं निघालाय व्हय? त्यांच्याकडं भरलंय की," मी म्हटलं.

म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मुलगा तिला गप्प बस म्हणून खुणावत होता, पण ती ऐकेना.

"आम्ही तिकडूनच आलोय, बाई," ती म्हणाली. "त्यांच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. पण त्या म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या वैनींकडं जावा, आठ दिस झालं तितं कोण आल्यालं न्हाय. वैनी म्हणतील अक्काकडं भरलंय, तुमी नुसतं बरं म्हणा. आता मला काही हसू आवरंना."

माझे कान तापले. एवढ्या वर्षांत कोण कोण पटकन "बरं" म्हणालं होतं ते मी आठवायला लागले. नाशिकचे मास्तर. दर पौषात येणाऱ्या दोघी बहिणी. माझे म्हणून मिरवलेल्या त्या पाहुण्यांत माझे नेमके किती, हे मला आजही माहीत नाही.

तिघांना वरची मोठी खोली दिली. म्हातारीला अंघोळीला गरम पाणी हवं होतं आणि वीज नव्हती. स्टोव्हवर पाणी तापवता आलं असतं. पण मी दोन बादल्या उचलल्या आणि पावसातून अक्कांच्या दारात जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते आणि शेवटी नुसत्या बादल्या पुढं केल्या.

बंबात करवंट्या सारता सारता तिनं वर पाहिलं.

"दोनच का, वैनी? तीन माणसं हाईत न्हवं?"

तिसरी बादली तिनं स्वतः भरून आणून दिली. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही, ती या विषयावर एक शब्द बोलली नाही. बंब मी पुढं विकत घेतला. पण ती जशी गप्प राहिली तसं मला आयुष्यभर जमलं नाही, आणि त्याचा हेवा अजून जात नाही.