निळसर सावली

पत्नीचा फोटो मोठा करून घ्यायला मी गेल्या महिन्यात स्टुडिओत गेलो. हार घालायला तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. मुलीच्या लग्नातल्या घोळक्यातून तिला वेगळं काढायचं होतं. संगणकावर बसलेल्या माणसाने विचारलं, "मागं सावली देऊ का, साहेब?" आणि ते प्रकरण पुन्हा समोर येऊन उभं राहिलं. ते विसरलो होतो, असं नाही. हल्ली त्याला हाक मारावी लागत नाही, एवढंच.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. प्रवरेच्या पट्ट्यातलं एक पोलीस ठाणं माझ्याकडे होतं. एका सकाळी चाळिशीतला एक बागायतदार फिर्याद घेऊन आला. त्याचा उभा ऊस जळाला होता. संशय शेजारच्या शेतकऱ्यावर, कारण दोघांत बांधावरून भांडण होतं. सोबत मोबाईलमध्ये फोटो होता. मागे पेटलेला ऊस आणि बांधावर तो शेजारी, हातात पांढरी कॅन. फोटो एका ऊसतोड मजुराने काढला, त्याची टोळी आता पुढे गेली, असं फिर्यादीने सांगितलं. मी मान्य केलं. फोटो असला की आम्हाला बरं वाटतं.

शेजारी नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होता. शेती थोडीच. त्या दिवशी रात्रपाळी करून घरी झोपलो होतो, म्हणाला. घरात दुसरं कोणी नव्हतं. कोर्टाने दोन दिवसांची कोठडी दिली. निकाल लागेपर्यंत येऊ नको, असा निरोप कंपनीने धाडला.

"रॉकेल कुठून आणलंस?" मी विचारलं.

"साहेब, शर्ट माझाच हाय. कॅन बी हातात धरल्याली आठवतीय. पन कुठं, ते ध्यानात येत न्हाई."

"शेतात, दुसरं कुठं?"

"तिथं मी गेल्तोच न्हाई, साहेब."

दोन दिवस मी हेच विचारत राहिलो. आवाज चढवला. तो रडला नाही, तर मी त्याला निगरगट्ट समजलो.

फोटो तपासायला पाठवला होता, पण प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार होते. आमचे हवालदार म्हणाले, "बाजारपेठेत एक मॅडम संगणकावरच्या फोटोकामाचा क्लास घेतात. दाखवून तर बघू." गेलो, तर शिकवणी चालू होती. मॅडमनी मला मागच्या बाकावर बसवलं. पारदर्शक प्लास्टिकचे कागद एकावर एक ठेवावेत, तसे चित्राचे थर असतात, असं त्या नवशिक्यांना सांगत होत्या. एका कागदावर झाड, दुसऱ्यावर माणूस. वरून बघणाऱ्याला एकच चित्र दिसतं.

वर्ग सुटल्यावर त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. विजेच्या खांबाची सावली डावीकडे पडली होती, माणसाची उजवीकडे. "ही संगणकाने दिलेली आहे," त्या म्हणाल्या. "बटण दाबलं की ती ठरल्या बाजूलाच पडते. दिशा बदलायची असते, पण नवीन माणूस विसरतो." आणखी मोठं करून बघता बघता त्या पडद्याजवळ सरकल्या.

"काय झालं?"

"सावली निळसर आहे, साहेब. हे मी शिकवते. काळी सावली खोटी दिसते, थोडा निळा मिसळा, असं पहिल्या आठवड्यातच सांगते. इकडे दुसरं कोणी सांगत असेल, असं वाटत नाही."

त्यांनी हजेरीपट पुढे सरकवला. त्यात फिर्यादीचं नाव होतं. वाढदिवसाचे फ्लेक्स घरीच करायचे म्हणून तो शिकायला आला होता. "हळू शिकले, पण चिकाटीने," मॅडम म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

फिर्यादीला ठाण्यात बोलावलं. चहा दिला. मग एवढंच विचारलं, "दादा, सावली निळी का केली?"

त्याने कप खाली ठेवला. "काळी लई खोटी दिसत हुती, साहेब." मग एकदम उसळला, "पन ऊस त्यानंच जाळलाय! मला म्हाईत हाय. पुरावा तेवढा नव्हता."

ऊस तारांच्या ठिणगीने पेटल्याचं वीज खात्याच्या पंचनाम्यात पुढे निघालं.

"त्याचा फोटो कुठला?"

"माझ्या पोरीच्या लग्नातला," तो खाली बघत म्हणाला. "पंगतीला पानी वाढत हुता."

शेजाऱ्याला हे सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा रडला. "व्हय की, साहेब! टँकर आला नव्हता. सकाळपास्नं मीच पानी वाह्यलं." थोड्या वेळाने म्हणाला, "तो खरा फोटो मला द्या. जळका तर गावात समद्यांच्या मोबाईलात गेलाय. हा बी जाऊ द्या."

मूळ फोटो मुद्देमालात सीलबंद झाला होता. कोर्टात अर्ज कर, असं मी त्याला सांगितलं. कायद्याने तेच बरोबर होतं. कंपनीने त्याला परत घेतलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. माझी बदली झाली.

लोकांना वाटतं, मी सावलीवरून गुन्हा उघडकीला आणला. ती ओळखली मॅडमनी. माझं काम त्याआधीचं होतं, आणि ते मी केलं नाही. रॉकेल कुठून आणलं, हे मी दोन दिवस विचारलं. कॅनमध्ये काय आहे, हे एकदाही विचारलं नाही.

स्टुडिओतला माणूस थांबला होता. "सावली नको," मी म्हणालो.

"बरं. आणि हातातला हा जग काढून टाकतो. चांगला दिसत नाही."

पडद्यावर ती जरा वाकून उभी होती. कोणाला तरी पाणी वाढत असणार. त्या दिवशी ती स्वतः जेवली होती का, मला आठवत नाही.

"राहू द्या," मी म्हणालो. "तो तिच्याच हातातला आहे."