भोंग्याचा बुधवार

बस स्थानकावर त्याला सगळे भोंगा म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्यांच्या घोषणा करायच्या, हे त्याचं काम. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कोणाची पिशवी चौकशीच्या खिडकीपाशी सापडली, सगळं दोनदा सांगायचं. दोनदा का, तर पहिल्यांदा माणूस नुसता दचकतो, कळतं ते दुसऱ्यांदा. वर्षानुवर्षं असं बोलून जिभेला तेच वळण लागलं होतं. घरीसुद्धा, "जेवायला चला. जेवायला चला." बायको म्हणायची, "अहो, आम्ही दोघीच आहोत इथे, फलाट नाहीये हा." लेक लहान असताना त्याच्याच सुरात दुसरी घोषणा त्याच्यासोबत म्हणायची, आणि मग तिघंही हसत जेवायला बसायची.

आवाज खणखणीत. एकदा माईक बंद पडला, तर हा गडी स्टुलावर उभा राहून ओरडला आणि एकाही प्रवाशाची गाडी चुकली नाही. हळू बोलणं मात्र त्याला बापजन्मात जमलं नव्हतं. कोणाच्या कानात काही सांगायला गेला, तर पलीकडच्या टेबलावरचा माणूस मान डोलवायचा. शिवाय या कामात एक सुख असतं, उलट कोणी उत्तर देत नाही. आपण बोलायचं, लोक आपापल्या गाडीकडे धावतात, विषय संपला.

अशा माणसाच्या घरात लेकीने बोलणं बंद केलं.

सोळा वर्षांची पोर. आधी सकाळी पोट दुखायला लागलं, मग शाळेच्या फाटकापाशी पाय थरथरायला लागले, मग शाळाच सुटली. मैत्रिणींचे फोन ती घेईना. खोलीचं दार बंद. जेवणाचं ताट आत जायचं आणि अर्धंमुर्धं बाहेर यायचं. "हो", "नको", "माहीत नाही" एवढ्यावर काही आठवडे गेले, पुढे तेही आटलं. डॉक्टरांनी नीट तपासलं, डिप्रेशन आहे म्हणाले, सोबत भीतीचा त्रासही. गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशनाला ती जाऊ लागली. तिथे ती थोडं बोलते, असं कळलं. घरी मात्र तोंडाला कुलूप. तिथे बोलते आणि आपल्याशी बोलत नाही, हे भोंग्याला फार लागलं.

डॉक्टर म्हणाले, "आईवडिलांसाठी एक ऑनलाइन गट आहे. बुधवारी संध्याकाळी. दोघांपैकी एकाने तरी बसा."

बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर. बुधवारी तिची उशिराची पाळी. ती नवऱ्याकडे बघत राहिली. "तुम्ही बसणार? तिथे ऐकून घ्यावं लागतं हो."

"मला ऐकू येतं," भोंगा म्हणाला.

स्वयंपाकघराचं दार लावायचं, साखरेच्या डब्याला टेकून मोबाईल उभा करायचा, कानात इअरफोन घालायचे, की झाला गट सुरू. गट चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. पहिल्याच दिवशी ताईंनी सांगितलं, इथलं बोलणं इथेच राहील, दुसऱ्यांच्या मुलांची गोष्ट बाहेर न्यायची नाही. आता नियम म्हटला की भोंग्याचा जीव की प्राण. इअरफोनही त्याने त्यासाठीच आणले होते, की दुसऱ्यांचं बोलणं घरात कोणाच्या कानावर पडायला नको. बायकोलाही तो अवाक्षर सांगत नसे. ती विचारायची, "काय झालं आज?" हा म्हणायचा, "झालं."

पहिले काही बुधवार तो गप्प होता. मग एकदा ताईंनी विचारलं, "दादा, तुमचं कसं चाललंय?" आणि बांध फुटला. कसं चाललंय हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, कधी कधी असा राग येतो की वाटतं दार तोडून हिला ओढून बाहेर काढावं. म्हणाला, भावाला मी खोटं सांगितलंय, पोरगी क्लाससाठी मावशीकडे गेलीय म्हणून. म्हणाला, कामावर निघताना मी तिच्या दाराला कान लावून उभा राहतो, आतून पांघरूण सरकल्याचा आवाज आला की मगच चप्पल घालतो, कारण एखाद्या दिवशी काहीच आवाज आला नाही तर, ही भीती सुटत नाही. बोलता बोलता हा एवढा बाप्या रडला. पडद्यावरच्या चौकटींतल्या कोणीही उपदेश केला नाही. त्या दिवशी त्याला रात्रीचं जेवण गोड लागलं.

या गटात एक बाई होत्या. त्यांच्या मांडीवर सतत मांजर असायचं. त्यांच्या मुलाला सलूनच्या खुर्चीत बसायची भीती. आरशातून सगळे आपल्याकडेच बघतायत असं त्याला वाटायचं. केस खांद्यावर आले, तेव्हा बाईंनी स्वतःच कात्री घेतली. अर्धं डोकं झालं आणि तो उठून पळाला, खोलीत जाऊन बसला. बाईंचं सांगणं तिथवर आलं आणि वेळ संपली. भोंगा न राहवून म्हणाला, "मुलाचे अर्धेच कापले? आणि उरलेले केस?" पण तोवर ताई सगळ्यांचा निरोप घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा गाळत होता. मागे दार वाजलं. वळून बघतो तर लेक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. चुरगळलेला सदरा, डोळ्यांवर केस. तिने घसा खाकरला. घरात कितीतरी आठवडे न वापरलेला घसा तो.

"त्या मुलाचे उरलेले केस कापले का?"

भोंग्याच्या हातातली गाळणी तशीच राहिली. पोरगी बोलली. आणि काय बोलली? हे हिला कळलं कसं? कानात बोळे घालून बसलेल्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नसतं, आणि याचा आवाज तर मुळातच फलाटाचा. भिंत होती पातळ. पलीकडे हिचा पलंग. दुसऱ्यांचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं, पण बापाचं अक्षर न् अक्षर ती तो गटात बोलू लागल्यापासून ऐकत होती. खालच्या मजल्यावरच्या काकूही बुधवारी टीव्ही बारीक करतात, हे त्याला मागाहून कळलं.

राग, भाऊ, दाराला लावलेला कान. सगळं तिने ऐकलंय.  आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघायला नको तेच निघतं.

"तिथलं बोलणं बाहेर सांगता येत नाही," तो म्हणाला. "बाहेर सांगता येत नाही."

 लेक वळली, आणि तिच्या खोलीचं दार लागलं.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसलीच. "पोरीने इतक्या दिवसांनी तोंड उघडलं आणि तुम्ही तिला नियम सांगितला?"

"नियम आहे तो."

"आणि स्वतः अख्ख्या चाळीला ऐकवत होतात, तेव्हा कुठे गेला होता नियम? कुंपणच शेत खातंय." मग ती हळूच म्हणाली, "मला काही सांगत नव्हतात. दाराला कान मीपण लावते. तुम्ही गेलात की मी लावते."

 चहा निवून गेला.

त्या आठवड्यात खोलीतून एक शब्द आला नाही. भोंग्याला कळत होतं, एक फट पडली होती आणि ती आपण आपल्या हाताने बुजवली. ती पुन्हा उघडेल याची कोणी हमी देत नाही. स्थानकावर त्याने रद्द झालेली गाडी दोनदा फलाटावर लावली आणि साहेबांची बोलणी खाल्ली. गट सोडून द्यावा असंही मनात आलं. पण त्याआधी त्याने एक काम केलं. भावाला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. तेही खणखणीत आवाजात, भिंतीला ऐकू जाईल असं, आणि या वेळी मुद्दाम.

बुधवार आला. साखरेचा डबा, मोबाईल, इअरफोन. ताईंनी बोलायला सुरुवात करायच्या आतच तो म्हणाला, "मला कबुली द्यायची आहे. माझा आवाज मोठा आहे. माझी लेक भिंतीपलीकडून माझं सगळं बोलणं ऐकत आलीय. तुमचं नाही, माझं. पण तुमच्या मुलाबद्दल मी जे विचारलं तेही तिने ऐकलं, बाई. माझी चूक झाली. म्हणाल तर मी गट सोडतो."

 तो पुढे म्हणाला, "आत्ताही ती ऐकत असेल. तर तिच्यासमोरच सांगतो. मी राग राग म्हणत होतो ना, तो राग नव्हता. मी घाबरलो होतो. आणि तिने एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मी दिलं नाही. उत्तर द्यायची परवानगी तुम्ही द्यायची, मी नाही."

मांजरवाल्या बाईंनी मांजर खाली ठेवलं. "काय विचारलं तिने?"

"उरलेले केस कापले का."

बाई आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरले. "माझ्या पोराची कोणी एवढी चौकशी केली नव्हती हो. सांगा तिला. त्याने स्वतःच कापले, बाथरूममध्ये. उंदराने कुरतडल्यासारखे. आणि तसाच खाली जाऊन दूध घेऊन आला."

"सगळं सांगू?"

"सगळं सांगा."

भोंग्याने एका कानातला इअरफोन काढला. भिंतीकडे तोंड केलं, खुर्चीत ताठ बसला आणि काम करताना घेतो तसा श्वास घेतला.

"उरलेले केस त्याने स्वतःच कापले. उंदराने कुरतडल्यासारखे कापले. आणि तसाच खाली जाऊन दूध घेऊन आला."

 तो थोडा थांबला. मग जित्याची खोड ती, तो पुन्हा म्हणाला, "उरलेले केस त्याने..."

"बाबा, एकदाच सांगा," भिंतीपलीकडून घोगरा आवाज आला. "ऐकू येतं मला."

भोंग्याची घोषणा तिथेच थांबली. पडद्यावरच्या चौकटींतली सगळी डोकी पुढे झुकली होती. ताईंनी विचारलं, "काय झालं दादा? काही बोलली का ती?"

त्याने सांगितलं. जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात, आणि दोनदा, बहुतेक.

ताई म्हणाल्या, "दादा, तुमचा आवाज येत नाहीये."