दोघींत एक कादंबरी

सुप्याच्या एमआयडीसीत मी गाड्यांचे रबरी भाग तपासायचं काम करते. पट्ट्यावरून माल येतो. तो हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, चीर दिसली तर लाल ट्रेमध्ये टाकायचा. पाळी संपेपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात. घरी नवरा, दोन मुलं, सासरे, भाकरी, डबे. तक्रार नाही, पण थकवा अंगात असा मुरलेला की रविवारीसुद्धा उतरायचा नाही. केडगावला कंपनीच्या बसमध्ये चढले की मी डोळे मिटून घ्यायची. झोप लागायची असं नाही. कुणी बोलायला येऊ नये, एवढ्यासाठीच.

गेल्या हिवाळ्यात माझ्या शेजारी पॅकिंगमधली एक मुलगी बसायला लागली. पाथर्डीकडची. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे, ही वसतिगृहात राहून शिकली आणि इथं लागली, हे मला मागाहून कळलं. आधी दिसली ती तिच्या मांडीवरची जाड कादंबरी. लायब्ररीची, प्लास्टिकचं कव्हर घातलेली.

एका सकाळी माझी नजर सहज पानावर गेली. तहसील कचेरीसमोर एका बाईचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि जमीन मोजणीच्या ऑफिसातला एक माणूस तिच्याकडे कागद घेऊन येतो. दोघांचीही पस्तिशी उलटलेली. तो प्रती घेतो, पैसे देतो, जातो. बस्स. तरी मी पान संपेपर्यंत वाचलं आणि तिनं पान उलटलं तेव्हा चक्क चुकचुकले.

"वाचताय व्हय, ताई?" तिनं विचारलं. मी ओशाळले. तिनं पुस्तक दोघींच्या मध्ये सरकवलं.

तेव्हापासून आमचं तसंच सुरू झालं. ती भराभर वाचायची, माझा वेग कमी. पान संपलं की ती खिडकीतून बाहेर बघत बसायची. मी "हं" म्हटलं की उलटायची. चास गाव मागं पडायचं, कामरगावचा घाट यायचा, पवनचक्क्या दिसायला लागायच्या, आणि पुस्तकात काही म्हणजे काही घडत नसायचं. तो माणूस आता गरज नसलेल्या कागदांच्याही प्रती काढायला यायचा. तिला ते कळायचं. तरी ती पैसे घ्यायचीच, आणि तो गेल्यावर झाकण उघडं ठेवून यंत्रासमोर नुसती उभी राहायची. संध्याकाळी परतताना दोघी इतक्या दमलेल्या असायचो की पुस्तक पिशवीतच राहायचं.

एकदा मी वैतागले. "बोलून का टाकत नाही हा बाबा? निम्मं पुस्तक झालं की."

"बोलंल की. घाई काय हाय?"

"आणि नाहीच बोलला तर?"

ती हसली. "बोलतोय. माझी दुसरी खेप हाय ही."

मला कळेना. शेवट माहीत असलेलं पुस्तक ही मुलगी रोज सकाळी इतक्या सावकाश का वाचते? तसं मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, वसतिगृहात आमी लई वाट बघितली. ऊसतोडीची गाडी कधी परत येती, आई कधी येती. येईल का न्हाई तेच ठाऊक नसायचं. हितं ठाऊक हाय. मग वाट बघायला बरं वाटतं."

त्या दिवशी माल तपासताना तेच डोक्यात होतं. मला बघायला आले त्याच दिवशी सुपारी फुटली होती. नवरा वाईट नाही. पण आपण याला आवडलो का, हा आपल्याला आवडलाय का, हे मनात घोळवायला मला एक दुपारसुद्धा मिळाली नव्हती. पुस्तकातल्या त्या बाईला दोनशे पानं मिळाली होती. मला तिचा हेवा वाटला. आणि खरं सांगायचं तर, रोज सकाळी घाटात त्यातली थोडी पानं माझ्याही वाट्याला येत होती.

शेवटी पुस्तकातला तो माणूस बोलला. दुकान बंद करायच्या वेळी आला, कागद काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "मला या कागदांची कधीच…" तेवढ्यात पान संपलं, बस गेटमध्ये शिरली आणि सगळ्या बायका उठल्या. आख्खी पाळी मी त्या अर्ध्या वाक्यावर काढली. संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. त्या दिवशी पुस्तक नेमकं वरच, तिच्या मांडीवर होतं. हात घालायचा मोह झाला, पण तिची झोप मोडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुस्तक सगळंच माझ्याकडे दिलं. "तुमी वाचा. मला पाठ हाय."

पुस्तकात त्यानं मनातलं सांगितलं, दुकानातल्या बाईनं ऐकलं. मग ती एवढंच म्हणाली, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं." मिठी नाही, रडणं नाही. मला आनंद झाला, आणि लगेच जीव खट्टू झाला. आता वाट बघायला काही उरलं नव्हतं.

उन्हाळ्यात तिची दुसरी पाळी लागली. आता मी बाहेर पडते तेव्हा ती आत येत असते. "बरं हाय ना, ताई?" ती चालता चालता विचारते. मी मान हलवते. दोघींनाही थांबायला वेळ नसतो.

मी लायब्ररी लावली. पहिल्या पुस्तकात नायकानं तिसऱ्याच पानावर प्रेमाची कबुली दिली. ते मी परत करून टाकलं. सध्याचं पुस्तक बरं आहे. रविवारी दुपारी ते घेऊन बसले होते, तर नवऱ्यानं विचारलं, "काय चाललंय एवढं त्यात?"

"अजून काही नाही," मी म्हटलं.

त्यानं टीव्ही लावला. मी आवाज कमी करायला सांगितला आणि पुढं वाचत राहिले.