आबांची ट्रॉली

"आधी ते मागचं नाव खरवड, शिरप्या. मग सहीचं बोलू."

धाकटे मालक खुर्चीत बसून म्हणाले. माझ्याहून चार वर्षांनी लहान. माझे आबा त्यांच्या बापाच्या वयाचे. आणि आबांनी खरंच वाकून विटेचा तुकडा उचलला.

ट्रॉली दाखवायला आणा, असा निरोप होता म्हणून चुलत्याच्या ट्रॅक्टरला जोडून आम्ही ती मुरगूडला त्यांच्या दारात नेली होती. मागच्या फळीवर माझं नाव. पिवळ्या अक्षरांत. त्यावर 'जय भीम'. आमच्याकडे ट्रॉली आली की आधी पेंटर येतो. कुणाच्या फळीवर जोतिबा, कुणाच्या फळीवर पोरांची नावं. आबांना मी एकटीच. ते घासत होते आणि मी बघत उभी होते. मालकांपेक्षा मला माझाच राग जास्त येतो.

ही ट्रॉली आबांनी थोरल्या मालकांकडून, म्हणजे यांच्या वडिलांकडून घेतली, त्याला बारा वर्षं झाली. आमच्या दोन दुभत्या म्हशी त्यांच्या गोठ्यात गेल्या, त्यांची जुनी ट्रॉली आमच्या दारात आली. असा सौदा. अख्ख्या गल्लीनं बघितलेला. म्हशी सोडताना आई रडली होती. त्या म्हशींचं दूध त्यांच्या घरात चाललं, आम्ही मात्र पायरीच्या खालीच.

कागद केला नाही. नोंदणीचं पुस्तक थोरल्या मालकांच्या नावावर, त्यांच्याच कपाटात. आबांनी एकदा विचारलं. ते म्हणाले, "माझा शब्द हाय की." आबांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. ज्याच्याकडे हयातभर चाकरी केली त्याला कागद मागायचा म्हणजे त्याला खोटं ठरवायचं, असं त्यांना वाटायचं. ही चूक आमच्यासारखीच माणसं करतात. मालक लोक सख्ख्या भावालाही पावती मागतात.

पुराच्या वर्षी ते पुस्तक पाण्यात गेलं. मागून थोरले मालकही गेले. आणि यंदा कारखान्यानं सांगितलं, ट्रॉली स्वतःच्या नावावर नसेल तर ऊस वाहतुकीचा करार नाही. आबांचं पोट त्या ट्रॉलीवर. मी शहरात, राजारामपुरीत एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते, दिवसभर लोकांचे फॉर्म भरून देते. म्हणून आरटीओत मीच गेले. तिथला कारकून म्हणाला, "पुस्तकाची दुसरी प्रत निघंल ओ ताई. पर मालक वारलाय न्हवं? मग वारसाची सही लागणार."

त्या सहीसाठी आम्ही त्या दारात होतो.

नाव घासून झालं. आबांच्या बोटांची सालं निघाली. धाकट्या मालकांनी आतून टाइप केलेला स्टॅम्पपेपर आणला. "आधी तू ह्यावर कर सही, न्हायतर अंगठा. काय येतंय ते." आबांना सही येते. कागद मी हातात घेतला.

'शिरपा हा आमचा जुना गडी. त्याची गरिबी पाहून वडिलांनी ही ट्रॉली त्यास दया म्हणून दिली. मोबदला काही घेतला नाही.'

पूर्ण नावसुद्धा नाही.

"आणि म्हशी?" मी विचारलं.

"कुठल्या म्हशी?" ते हसले. "ट्रॉली मिळाल्याशी मतलब तुमाला."

आबा हळूच म्हणाले, "करू दे गं सही. हंगाम तर मिळंल." पेन त्यांच्या हातात होतं. या माणसानं जन्मभर कष्ट केले, आणि सरकारी दप्तरात तो शिक्क्यासकट भिकारी ठरणार होता. उद्या माझ्या पोरांनी तो कागद बघितला तर त्यांना कसला आजोबा दिसणार?

मी आबांच्या हातातलं पेन काढून घेतलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचा शब्द मोडला.

"ट्रॉली आम्ही घेतलीया. दया न्हाय. असला कागद नगो आमाला."

"मग माझी सही बी न्हाय. घाला भंगारात," तो म्हणाला. तेव्हापासून मी त्याला अहोजाहो करत नाही.

परतताना आबा एवढंच बोलले, "तुझ्या मानापायी माझा हंगाम गेला." हंगाम सुरू झालाय. आमची ट्रॉली दारात उभी, आणि आबा या वयात दुसऱ्याच्या ट्रॉलीत उसाच्या मोळ्या भरायला जातात. घरी येतात, जेवतात, माझ्याशी बोलत नाहीत. रात्री त्यांचे खांदे चोळताना मला रडू येतं.

मी आरटीओत अर्ज दिलाय. सही अडवलीय, आमचं म्हणणं ऐका, म्हणून. साक्षीसाठी गल्लीत घरोघर फिरले. "आमाला त्यात वढू नगं," म्हणत बहुतेकांनी दार लावलं. शेजारच्या म्हाताऱ्या आक्कानं तेवढा अंगठा दिला. एक तर एक.

सुनावणीला बोलावलं की आबांना हाताला धरून नेणार. साहेबापुढे ते बोलले तर बरंच. नाही बोलले तर मी बोलेन. ट्रॉली गंजून माती झाली तरी चालेल. दयेच्या कागदावर माझ्या बापाची सही होणार नाही.