तात्यांचं रोजचं नवं मैदान

तात्या कबड्डीचं मैदान रोज वेगळं आखायचे. फक्कीचा डबा घेऊन ते आमच्या आधी हजर असत, आणि आज मैदान केवढं असणार हे पोहोचेपर्यंत कुणालाच कळत नसे. कधी उजवी बाजू दोन हात कापलेली, कधी एका कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतून निसरडं केलेलं, कधी पकडीला सातऐवजी तीनच मुली. नवखा माणूस थांबून बघायचा आणि हसून पुढे जायचा. नियमाचं मैदान आमच्या वाट्याला फक्त स्पर्धेच्या दिवशी यायचं.

तात्या मूळचे सांगवीचेच. शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि तात्या निवृत्त होईपर्यंत चाकणच्या एका कंपनीत फिटर म्हणून पहिल्या शिफ्टला जात राहिले. कंपनीच्या बसमधून उतरले की घरी एक कप चहा आणि थेट मैदान. मुलींना ते फुकट शिकवायचे. माझे वडील कामासाठी बीडहून इकडे आलेले; त्यांनी मला तात्यांकडे धाडलं ते त्या ‘फुकट’ शब्दावरच, हे कबूल करते.

शाळेत मला उजवा पाय बाजूला फेकून समोरच्या मुलीला टिपायला शिकवलं होतं, आणि मी तेवढ्यावरच खूश होते. तात्यांनी दुसऱ्याच दिवशी उजवी बाजू अशी आवळली की पाय फेकला की मी रेषेबाहेर. आठवडाभर बाद होत राहिले. शेवटी मी रडकुंडीला येऊन तात्यांना म्हणाले, कसं करायचं ते एकदा दाखवा तरी.

“मला नगं इचारू वैशे. कोपऱ्यातल्या पोरीच्या पायाला इचार. तिचा भार कुठल्या पायावर हाय?”

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी मनातल्या मनात त्यांना चार शिव्या घातल्या, पण बघायला लागले. एके दिवशी कोपऱ्यातल्या मुलीचा भार मागच्या पायावर गेलेला दिसला, आणि काही ठरवायच्या आत माझा हात तिच्या खांद्याला लागून मी मध्यरेषेपार आले होते. तात्यांनी शाबासकी दिली नाही. दुसऱ्या दिवशी मैदान अजून अर्धा हात आवळलेलं होतं.

एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना चाकणच्या कांदा बाजारात नेलं. ट्रकांच्या गर्दीतून हमाल पाठीवर पोती घेऊन पळत होते. एक ठेंगणा, एक उंचाडा, एकाचा पाय जरा अधू. प्रत्येकाची चाल निराळी, पण कुणी कुणाला धडकत नव्हतं. “ह्यातली बरोबर चाल कोनची, सांगा बरं,” तात्या म्हणाले. कुणालाच सांगता येईना. तेवढ्यावर ते इतके खूश झाले की आम्हाला भजी खायला घातली.

पुढे मी राज्य संघातून खेळले, प्रशिक्षकाचा डिप्लोमा केला, आणि मला शिंगं फुटली. आमच्या कबड्डी मंडळाच्या अध्यक्षांनी मुलींचा संघ माझ्या हाती दिला. तात्या तेव्हाही येत होतेच. मी नव्या मॅटवर पावलांचे ठसे चिकटवले, एक, दोन, तीन, आणि मुलींना त्या ठशांवरून आकडे म्हणत चालवायला सुरुवात केली. तात्या बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, “समोर कोन हाय?”

मी म्हटलं, आत्ता कुणी नाही, आधी पाय बसू दे. आणि तिथेच थांबायचं की नाही? मुलींसमोर म्हणाले, “तात्या, तुमच्या पद्धतीनं पोरी गोंधळतात. उद्यापासून नाही आलात तरी चालेल.” सोळा वर्षांची असल्यापासून ज्यांनी मला उभं केलं त्यांना मी हे म्हणाले. ते “बरं” म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. ही दिवाळीनंतरची गोष्ट.

जुलैत चिंचवडला स्पर्धा झाली. माझ्या मुलींचे पाय बघत राहावेत असे पडत होते, आणि तरी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. समोरच्या मुली माझ्या ठशांप्रमाणे उभ्या राहीनात, तिथे सगळं संपलं. शेवटच्या चढाईत आमची कर्णधार पूजा गोंधळली आणि पुढे काय करू म्हणून तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या एका क्षणात तिला धरलं. पूजाचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

तात्यांना परत बोलवायचं ठरवून दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं आणि मला आधी स्वयंपाकघरात नेलं. तात्यांना फुप्फुसाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं, वर्षही निघायचं नाही. म्हणजे मी ‘नाही आलात तरी चालेल’ म्हणाले, तेव्हा तात्यांना हे ठाऊक होतं.

कॉटवर तात्यांची नुसती हाडं उरली होती. मी पाया पडले आणि तिथेच बसून रडले. पूजा कशी पकडली गेली ते सांगितलं. मग विचारलं, तुम्हाला माझी चूक पहिल्याच दिवशी दिसली होती, मग बोलला का नाहीत?

त्यांना दम लागत होता. थांबत थांबत म्हणाले, “बोललो असतो तर तू भांडली असतीस, न्हाईतर गुमान ऐकलं असतंस. दोन्हीत तुझं तुला कळलं नसतं.” मग जरा वेळानं, “मला बी करमत नव्हतं गं. सांज लई मोठी व्हायची.”

मी म्हटलं, तात्या, रविवारी गाडी घेऊन येते, खुर्ची टाकते, तुम्ही नुसते बसा. ते “व्हय” म्हणाले. गुरुवारी सकाळी तात्या गेले.

मी ठसे कधीच उपटून टाकलेत. मुली आता जिंकतातही, लोक माझं कौतुक करतात, आणि मला कुणाच्या डोळ्यांत बघवत नाही. माझी चूक मला कळायला आठ महिने लागले, आणि तात्यांकडे होते ते तेवढेच.