काचेवरचे ठिपके

माझी भाची नीलिमा प्रयोगशाळेत काम करते. काल मी तिथे गेले तेव्हा तिने एक झाकलेली काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवली.

"मामी, हे धुरकट दिसतंय ना, ते मामांच्या जखमेतले जंतू."

ह्यांच्या पायाची जखम कित्येक महिने भरत नाहीये. एकेक अँटिबायोटिक देऊन झालं, एकाचाही उपयोग झाला नाही. मी त्या धुरकटपणाकडे रागानेच पाहिलं. मग त्यात मला स्वच्छ गोल ठिपके दिसले, वाफ धरलेल्या काचेवर कोणी बोट टेकवावं तसे. तिथे जंतू उरलेच नव्हते.

"हे कोणी केलं?"

"जंतूंना मारणाऱ्या विषाणूंनी. तुमच्या घरामागच्या नाल्याच्या पाण्यात सापडले. जिथे जंतू, तिथे हेही असतात. पण मामी, हे अजून काचेवरच आहे. पायापर्यंत यायला बऱ्याच चाचण्या आहेत."

त्या नाल्याचा मला कायम राग. मुलांचा चेंडू त्यात पडला, तर तो सोडूनच द्यायचा, असा घरचा नियम होता. आणि तिथेच, मी नाकाला पदर लावून जात होते तेव्हाही, डोळ्यांना न दिसणारं कोणीतरी आपल्या भुकेपोटी नेमकं हेच काम करत होतं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. पट्टी बदलून झाल्यावर सवयीने नाल्याकडची खिडकी लावायला उठले.

"राहू दे उघडी," हे म्हणाले. "आपलीच माणसं आहेत तिकडे."